'ताई' हा शब्द आधीच कुणाचा तरी आहे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

गृहभेट झाली, बालकल्याण समितीचा आदेशही निघाला, आणि पुढच्या आठवड्यात अकरा वर्षांची मुलगी नि तिचा सात वर्षांचा भाऊ प्रतिपालनासाठी तुमच्याकडे येणार. तू विचारतेस, यात माझं काम काय? बरोबर विचारलंस. सगळं समुपदेशन आईबाबांचं होतं, पण रात्री दोन वाजता मूल दार वाजवतं ते बहुधा शेजारच्या खोलीचं, म्हणजे तुझं.

आधी एक समज काढून टाक. ही दत्तक मुलं नव्हेत. प्रतिपालनात, म्हणजे आपण सगळे ज्याला फॉस्टर केअर म्हणतो त्यात, मूल 2015च्या किशोर न्याय कायद्याच्या कलम 44 खाली ठरावीक काळासाठी येतं. मुदत वाढते, कधी संपतेही. जन्मदात्यांची घडी बसली तर मुलं परत जातात. 2024च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षं सांभाळल्यावर, मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल तर, ती वाटही आहे. पण ती आज उच्चारायची नाही. 'आता तुम्ही कायमचे आमचे' असं मायेपोटीही म्हणू नकोस. 'सोमवारी शाळेतून आणायला मी येईन' एवढंच म्हण, आणि सोमवारी पाच मिनिटं आधी जाऊन उभी राहा.

आता नावाचं. घरात सगळे हौसेने म्हणतील, 'ही तुमची ताई.' त्या धाकट्याला ताई आहे. त्याला भरवणारी, मारापासून आडोसा देणारी तीच. तो शब्द तू घेतलास की पहिल्याच दिवशी तू तिची जागा घेतलीस. तुझं नाव सांग. दीदी म्हणायचं की नुसतं नावाने, ते त्यांना ठरवू दे. तुझ्या आईबाबांनाही काका-काकू पुरे.

या मुलीकडे जास्त लक्ष दे, कारण ती त्रास देणार नाही. ताटावर बसली की आधी भावाचं ताट पाहील, त्याला आंघोळ घालायला कुणाला जवळ येऊ देणार नाही, रात्री त्याच्या अंथरुणाशी सरकेल. मोठी माणसं कौतुकाने म्हणतात, 'आता तू मोकळी, आम्ही बघतो त्याचं.' तिला ते ऐकू येतं, 'तुझी गरज संपली.' मग ती हट्टी होते, भावाला घरच्यांविरुद्ध फितवते, आणि लोक म्हणतात, मुलगी आतल्या गाठीची आहे. तसं नको. तिला विचार: 'याला वरण पातळ लागतं की घट्ट? झोपताना दिवा लागतो?' ती सांगेल तसंच कर. अंघोळ-जेवण तिच्याकडेच राहू दे. आधी दप्तर भरणं, मग शाळेची ने-आण, अशी एकेक गोष्ट तिला विचारून घे. महिने लागतील. दोघांच्या खोल्या इतक्यात वेगळ्या करू नका.

पहिले दोन-तीन आठवडे मुलं पाहुण्यासारखी शहाणी वागतात. नातेवाईक म्हणतात, किती गुणी! मग एके दिवशी उशीखाली पोळीचे तुकडे नि मुंग्यांची रांग सापडते. ही चोरी नव्हे, उद्याच्या जेवणाची शाश्वती नसल्याचा हिशेब आहे. झडती घेऊ नकोस. हात पोचेल अशा फडताळात झाकणाचा डबा ठेव: चार राजगिरा लाडू, मूठभर शेंगदाणे, दोन केळी शेजारी. 'हा तुमचा, विचारायचं नाही.' रोज रात्री तू तो भरायचास. एकदा रिकामा सापडला की उशीखालची साठवण पुन्हा सुरू. जेवणाच्या वेळाही पाळा. खोडी केली म्हणून जेवण तोडणं तर कधीच नाही.

अंथरूण ओलं होईल. गादीवर रबरशीट, वर चादर, त्यावर पुन्हा रबरशीट आणि चादर, अशी दुहेरी तयारी ठेव. रात्री वरची जोडी काढली की खालचं कोरडं. दिवा न लावता, चार शब्दांत काम संपतं. चादर सकाळी चारचौघांत वाळत घालताना टोमणा नको. दिवसा पाणी तोडू नका. बद्धकोष्ठ असेल तरी असं होतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवायचं.

पाकिटातले वीस रुपये गेले तर 'तू घेतलेस का?' विचारू नकोस. ज्याला खरं बोलल्यावर मार मिळाला आहे, तो नाहीच म्हणणार. 'वीस रुपये टेबलावर परत येऊ देत' म्हण आणि खोलीबाहेर जा. शिस्तीचं काम आईबाबांचं. तू दुसरी पोलीस होऊ नकोस. आणि पाकीट कपाटात ठेवत जा, हेही शहाणपणच.

मुलं त्यांच्या जन्मदात्या आईला भेटून आल्यावर एक-दोन दिवस भांडणं, उलट उत्तरं, ओली चादर. घरं इथे हमखास चुकतात: 'भेटीच बंद करा.' विरह उसळतो म्हणून ते होतं. त्या दिवशी पाहुणे नकोत, शिकवणी नको, मऊ खिचडी करा. त्यांच्या आईबद्दल वाईट शब्द तर नकोच.

कधी मुलगी कानात विचारेल, 'कुणाला सांगणार नाहीस ना?' तसं वचन देऊ नकोस. 'तुला जपायला लागलं तर मोठ्यांना सांगावं लागेल' हे आधीच सांग. खोदून विचारू नकोस. तिचेच शब्द, तारीख, वेळ लिहून ठेव आणि त्याच दिवशी आईबाबांमार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळव. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर 2012च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तातडीला 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

फोटो मोबाइलवर टाकायचे नाहीत, मैत्रिणींच्या गटातही नाही. काळजी व संरक्षणात असलेल्या मुलाची ओळख उघड करणं कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गौरी-गणपतीत एखादी मावशी विचारेलच, 'कुणाची गं ही?' उत्तर मुलांसोबत आधी ठरवा: 'आमच्याकडे राहतात.' पुढे मोदकांचा विषय काढ.

तुलाही हेवा वाटेल. तुझा एक कप्पा कुलपाचा राहू दे, आणि आठवड्यातून एकदा आईशी एकटीने बोल.

येताना त्यांच्याकडे एक मळकी पिशवी असेल. ती धुवू नकोस, फेकू तर मुळीच नकोस. त्या कपड्यांना घरचा वास असतो. चप्पलस्टँडवर दोन खण मात्र आजच रिकामे कर.

तुझी,
मावशी