हस्तक्षेपाचे समर्थन एकदाच करून भागत नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी तू तयार केलेला मसुदा वाचला. परदेशातील लष्करी हस्तक्षेप समर्थनीय ठरू शकतो, या बाजूने बोलायचे तू ठरवले आहेस आणि 1971 चे बांगलादेश मुक्तियुद्ध हा तुझ्या भाषणाचा कणा आहे. मांडणी नेटकी आहे, भाषा स्वच्छ आहे आणि आकडेही बरोबर आहेत. परंतु ज्या प्रसंगाचा शेवट आपल्या मनासारखा झाला तेवढाच निवडून त्यावरून तत्त्व सिद्ध करायचे, ही वकिली झाली. समोरचा वक्ता थोडा जरी तयारीचा असला, तरी तो श्रीलंकेचे नाव घेईल आणि तुझे सगळे भाषण चार वाक्यांत मोडीत काढेल. म्हणून हे पत्र मुख्यतः श्रीलंकेविषयी आहे. 1987 ते 1990 या काळात भारतीय शांतिसेनेचे तिथे काय झाले, हे नीट पाहिलेस तर 1971 विषयीही तुला अधिक खरे बोलता येईल.

प्रथम पार्श्वभूमी. जुलै 1983 मध्ये श्रीलंकेच्या उत्तरेतील तमिळबहुल जाफन्यात तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात तेरा श्रीलंकन सैनिक मारले गेले आणि त्यानंतर कोलंबोसह अनेक ठिकाणी तमिळांविरुद्ध भीषण दंगली उसळल्या. निर्वासित तमिळनाडूत येऊ लागले. भारताने एका हाताने मध्यस्थी सुरू केली आणि दुसऱ्या हाताने तमिळ सशस्त्र गटांना प्रशिक्षण दिले. हे आता गुपित राहिलेले नाही आणि तूही ते टाळू नकोस. 1987 च्या पूर्वार्धात श्रीलंका सरकारने जाफन्याची कोंडी केली आणि तिथल्याच वडमराच्ची भागात मोठी लष्करी मोहीम उघडली. 3 जूनला भारताने मदतसामग्रीच्या बोटी पाठवल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने परत फिरवल्या. दुसऱ्याच दिवशी हवाई दलाच्या पाच एएन-32 विमानांनी मिराज विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर सुमारे 25 टन सामग्री टाकली. परवानगी कुणाचीही नव्हती.

आणि आठ आठवड्यांच्या आत, 29 जुलै 1987 रोजी, कोलंबोत राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. आता परवानगी होती. कराराच्या परिशिष्टात असे कलम आहे की, आवश्यकता भासल्यास श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेच्या तुकडीला पाचारण करू शकतील. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने हा भक्कम आधार आहे, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम 2(4) दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीवर बळाचा वापर करण्यास मनाई करते; मात्र तिथल्या कायदेशीर सरकारनेच बोलावले असेल तर ती मनाई आड येत नाही. तू भाषणात हा मुद्दा जरूर वापर. पण ही संमती कोणत्या परिस्थितीत मिळाली, हे परीक्षक विचारतील. करार होत असताना कोलंबोत दंगली आणि संचारबंदी होती, पंतप्रधान प्रेमदासांचा कराराला उघड विरोध होता आणि दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. शिवाय करारासोबतच्या पत्रांमध्ये त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी कामासाठी कुणाला देऊ नये, असे आश्वासन होते. म्हणजे तमिळांचे संरक्षण हा हेतू होता, आणि आपल्या शेजारी बाहेरच्या सत्तांचा शिरकाव नको हाही होता. हेतू संमिश्र असला म्हणजे हस्तक्षेप आपोआप अन्याय्य ठरत नाही. जगात निर्भेळ हेतूने सैन्य हलल्याचे उदाहरण शोधायला गेलीस तर रिकाम्या हाताने परत येशील. आपल्या बाजूचा हेतू तेवढा सोवळा आणि इतरांचा स्वार्थी, असे मात्र म्हणू नकोस.

आता खरी गोम. ज्यांच्या हातात शस्त्रे होती त्या लिट्टेची, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या संघटनेची, करारावर सही नव्हती. 48 तासांत शस्त्रसंधी आणि त्यानंतर 72 तासांत शस्त्रे खाली, असे दोन सरकारांनी आपापसांत ठरवले. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याला दिल्लीत आणून त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न झाला आणि त्याने नाइलाजाने मान डोलावली, यावर सारा डोलारा उभा राहिला. 4 ऑगस्टला सुदुमलाई येथील सभेत तो जे बोलला, त्यातून त्याची नाखुशी लपून राहिली नाही. शस्त्रे आली ती थोडी आणि बरीचशी जुनीपुराणी. सप्टेंबरअखेर लिट्टेचा नेता तिलीपन याचा उपोषणात मृत्यू झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या लोकांनी सायनाइड घेतले, त्यांत कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे दोन महत्त्वाचे कमांडर होते. यानंतर पूर्व भागात सिंहली नागरिकांच्या हत्या सुरू झाल्या. 10 ऑक्टोबरच्या सुमारास शांतिसेनेची लिट्टेविरुद्धची मोहीम, ऑपरेशन पवन, सुरू झाली आणि तमिळांच्या संरक्षणासाठी गेलेली सेना तमिळांच्याच सर्वांत बलाढ्य संघटनेशी तमिळ वस्तीत लढू लागली.

इथे थांबून विचार कर. जुलैमध्ये जो निर्णय झाला होता तो कराराचा जामीनदार होण्याचा होता. ऑक्टोबरमध्ये जे सुरू झाले ते युद्ध होते. या दोहोंमध्ये समर्थनाची नवी मांडणी कुठे झाली? आपल्याकडे सैन्य परदेशी पाठवण्यासाठी संसदेची पूर्वसंमती घेण्याचे घटनात्मक बंधन नाही, त्यामुळे ती जुलैमध्येही घ्यावी लागली नव्हती आणि ऑक्टोबरमध्येही नाही. तुझ्या मसुद्यातली सगळी चर्चा 'जावे की न जावे' या एका क्षणाभोवती फिरते. माझे म्हणणे असे की, हस्तक्षेपाचे समर्थन पहिल्या दिवशी मिळवून खिशात ठेवता येत नाही. उद्दिष्ट बदलले की ते पुन्हा पहिल्यापासून मिळवावे लागते, आणि नेमके तेव्हाच ते कुणी मागत नाही, कारण तोवर आपले जवान पडू लागलेले असतात आणि प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्याशी गद्दारी, असे वातावरण तयार झालेले असते.

उद्दिष्ट असे न बोलता बदलले की जमिनीवर त्याचा अर्थ काय होतो, यासाठी जाफना विद्यापीठाचा प्रसंग वाच. लिट्टेच्या नेत्यांना तिथे गाठायचे म्हणून 11-12 ऑक्टोबरच्या रात्री कमांडो आणि 13 शीख लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी हेलिकॉप्टरने विद्यापीठाच्या मैदानावर उतरवण्यात आली. लिट्टेला आधीच सुगावा लागला होता. हेलिकॉप्टरांवर इतका गोळीबार झाला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि शीख लाइट इन्फन्ट्रीचे जे तीस जण उतरले होते ते मागून कुमक न येता तिथेच अडकले. त्यांतले एकोणतीस मारले गेले, एक जिवंत पकडला गेला. ज्या संघटनेला आपल्याच देशात प्रशिक्षण मिळाले होते, तिच्या बळाचा इतका चुकीचा अंदाज का झाला असेल, याचे उत्तर त्या मैदानावर मिळत नाही. ते जुलैच्या गृहीतकांत शोधावे लागते. शांतता राखायला निघालेल्या सैन्याला शत्रू कोण, हे कुणी सांगितलेलेच नसते.

मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधील मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी जाफन्याजवळच्या चकमकीत छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हा उल्लेख तुला भाषणात करायचा मोह होईल. कर, पण तो युक्तिवाद म्हणून वापरू नकोस. शौर्याने निर्णयाची योग्यता सिद्ध होत नाही, आणि निर्णय चुकला म्हणून शौर्याला उणेपणा येत नाही. आपल्याकडील वक्तृत्व स्पर्धांमध्ये हे दोन्ही धागे इतके गुंतवले जातात की ऐकणाऱ्याला टाळी कशासाठी वाजवली हेच कळत नाही.

त्याच न्यायाने जाफना रुग्णालयाचा प्रसंगही टाळू नकोस. 21 ऑक्टोबरला, दिवाळीत, भारतीय सैनिक रुग्णालयात शिरल्यानंतर डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि रुग्ण अशी साठच्या वर माणसे मारली गेली, असे तिथल्या बचावलेल्यांचे सांगणे आहे. रुग्णालयातून गोळीबार झाला, अशी लष्कराची बाजू होती. बचावलेल्यांना ती मान्य नाही. तू दोन्ही बाजू सांग, पण प्रसंगच वगळलास तर ज्यांच्यासाठी आपण गेलो म्हणतो त्यांचे मत तू विचारातच घेतले नाहीस, असा अर्थ होईल.

बाकीचा इतिहास थोडक्यात. शांतिसेनेचे बळ वाढत वाढत चार डिव्हिजनवर, सत्तर हजारांच्या पुढे गेले. जानेवारी 1989 मध्ये प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि जूनमध्ये त्यांनी शांतिसेनेने 29 जुलैपर्यंत देश सोडावा, असे जाहीर केले. एवढेच नव्हे, तर भारतीय सैन्याशी लढण्यासाठी त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रे पुरवली. तुझा सगळा भर यजमान सरकारच्या संमतीवर असेल, तर हा प्रश्न तुला अडचणीत आणील: संमती काढून घेतल्यानंतर आपण तिथे कोणत्या अधिकाराने होतो? शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून निघाली. तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मारले गेले होते. मद्रासला ते उतरले तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत.

परिणामांविषयी बोलताना सावध राहा. 'शांतिसेना गेली म्हणून राजीव गांधींची हत्या झाली' हे वाक्य तुझा प्रतिस्पर्धी फेकणारच. मे 1991 मध्ये श्रीपेरुम्बुदूरला लिट्टेने केलेल्या त्या हत्येचा या मोहिमेशी संबंध आहेच, तो नाकारू नकोस. परंतु शांतिसेना गेलीच नसती तर जाफन्याचे काय झाले असते, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. शिवाय करारातून आलेली श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती आणि प्रांतिक परिषदा कागदावर का होईना आजही आहेत. तमिळांना अधिकार देण्याची चर्चा फिरून फिरून तिथेच येते. आणखी एक हिशेब सहसा कुणी मांडत नाही. भारताच्या भरवशावर ज्यांनी उत्तर-पूर्व प्रांतात सरकार चालवले, त्या वरदराज पेरुमाळ यांना देश सोडावा लागला आणि त्यांच्या बाजूने, अनेकदा सक्तीने, बंदूक हाती घेतलेली तमिळ पोरे मागे राहून लिट्टेच्या तावडीत सापडली. हस्तक्षेप करणाऱ्याला घरी परतता येते, त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्थानिक माणसाला कुठेच जाता येत नाही. परिणाम मोजताना मी तरी हा आकडा सर्वांत वर लिहीन.

आता 1971 कडे वळ. डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील 169 पैकी 167 जागा जिंकल्या होत्या, म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता सोपवायची ते लोकांनी आधीच निवडलेले होते. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात होते. 3 डिसेंबरला पाकिस्ताननेच भारताच्या विमानतळांवर हल्ले केले. 16 डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च 1972 मध्ये आपले सैन्य परत आले. उद्दिष्ट, स्थानिक आधार आणि बाहेर पडण्याची वाट, तिन्ही गोष्टी जागेवर होत्या. श्रीलंकेत यांतली एकही धड नव्हती. फरक हा आहे, आणि तो तू नावानिशी सांगितलास तर 1971 चे उदाहरण अधिक बळकट होईल. तरीही 7 डिसेंबर 1971 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 104 विरुद्ध 11 मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव केला होता, हे लपवू नकोस. जगाचे बहुमत त्या वेळी आपल्या बाजूला नव्हते.

लिबियाचा उल्लेख एका परिच्छेदात आटोप. मार्च 2011 मध्ये सुरक्षा परिषदेच्या 1973 क्रमांकाच्या ठरावाने नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाचा वापर मान्य केला. भारत मतदानात तटस्थ राहिला. काही महिन्यांत त्याच ठरावाच्या आडोशाने गद्दाफीची राजवट उलथली गेली. अमेरिकेत 1973 सालच्या कायद्यानुसार परदेशातील लढाई साठ दिवसांपुढे चालवायला काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते. तेव्हाच्या प्रशासनाने ही कारवाई त्या अर्थाने लढाई नाहीच, असे सांगून वेळ मारून नेली. कायदा असूनही जो प्रश्न विचारला गेला नाही तो हाच, उद्दिष्ट बदलल्यानंतरचा.

समोरून रवांडा येईल. 1994 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सैनिक देशात असताना जगाने हात बांधून घेतले आणि लाखो तुत्सी मारले गेले. तू हस्तक्षेपाच्या बाजूची असल्यामुळे हे उदाहरण तुला आयते वाटेल, पण प्रतिस्पर्धीही ते उलटे फिरवू शकतो: जिथे खरी गरज होती तिथे कुणी गेले नाही, मग जिथे जातात तिथे कशासाठी जातात? याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही. मसुद्याचे दुसरे पान, ज्यात तू ढाक्याच्या शरणागतीचे वर्णन केले आहेस, ते काढून ती जागा या प्रश्नाला दे. नवा मसुदा पुढच्या आठवड्यात पाठव. आकडे आणि तारखा मी तपासून देईन, निष्कर्ष मात्र तुझा तूच लिही, मला न पटणारा असला तरी.

तुझे,
सर