पाद्री मुसलमान झाला आणि मग त्याने ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिलं. अशा माणसाच्या लिखाणावर विश्वास ठेवावा का?

प्रश्नाखाली तुम्हीच लिहिलंय, "शेवटी बाटगा जोरात बांग देतो." त्या एका वाक्यासाठी हे उत्तर. एरवी हा विषय मी घरातसुद्धा काढत नाही.

तुम्ही विचारताय तो आन्सेल्म तुरमेदा. स्पेनजवळच्या मायोर्का बेटावरचा, फ्रान्सिस्कन संघाचा साधू, स्पेनमधल्या लेइदा आणि इटलीतल्या बोलोन्याला शिकलेला. १३८७ च्या सुमारास ट्युनिसला जाऊन मुसलमान झाला, अब्दुल्ला झाला. त्याने अरबी शिकावी म्हणून सुलतानाने त्याला बंदरावरच्या जकातीत बसवलं. वर्षभरात भाषा आली, दुभाष्याचं काम मिळालं, म्हणून 'तर्जुमान'. आपला तर्जुमा शब्द त्याच घराण्यातला. १४२० मध्ये त्याने अरबीत 'तुहफत अल-अरीब' लिहिलं. त्यात आधी स्वतःची हकीकत, मग सुलतानांची तारीफ आणि शेवटी ख्रिस्ती मताचं खंडन.

त्या हकीकतीतला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. कलमा पढण्याआधी तो सुलतानाला म्हणतो, इथल्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांना बोलावून आधी माझ्याबद्दल विचारा, मी आत बसतो. व्यापारी येतात आणि सांगतात की याच्याएवढा विद्वान आमच्यात नाही. मग हा बाहेर येऊन सर्वांसमोर कलमा पढतो. तेच लोक छातीवर क्रूस काढतात आणि म्हणतात, लग्नासाठी केलं, पाद्र्याला बायको करता येत नाही ना!

आता माझं. आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने ठरवून टाकलं की मिशनच्या दुधाच्या भुकटीसाठी बाटले. चौथीपर्यंत मला वर्गात 'पावडर' म्हणायचे. आजोबा तीन वर्षं रोज रात्री कंदील घेऊन शेजारच्या गावी शास्त्र वाचायला जात, हे कोणी विचारलं नाही.

आणि नाताळच्या जेवणाला मी तुरमेदाची ही गोष्ट सांगितली, तर थोरले काका, आयुष्यभर पाळक म्हणून काम केलेले, वरणात पोळी बुडवत म्हणाले, "बाईसाठीच गेला असणार. दुसरं काय." मी म्हटलं, "काका, आजोबा पावडरसाठी गेले होते का?" काकांनी पोळी ताटात ठेवली, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि उठले. काकू माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी भाजी मीच करपवली.

माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. माणूस का गेला हे त्याच्या पोटात शिरून कोणी पाहिलेलं नाही. त्याने काय लिहिलं ते समोर आहे, त्याला धरा. आणि धरायला जागा भरपूर आहेत. तो सांगतो की योहानाच्या शुभवर्तमानातला 'पॅराक्लीट' (येशूने ज्याच्या येण्याचं वचन दिलं तो सहाय्यक, ख्रिस्ती मताने पवित्र आत्मा) म्हणजे महंमद पैगंबर, हे बोलोन्याच्या म्हाताऱ्या गुरूने खासगीत सांगितलं. त्याला साक्षीदार कोण? दोघंच. पुढे इराणातल्या उर्मियाचा, कॅल्डियन कॅथलिक या पोपला मानणाऱ्या पूर्वेकडच्या पंथाचा पाद्री डेव्हिड बेंजामिन केल्दानी १९०४ मध्ये इस्तंबूलला मुसलमान झाला, अब्दुल अहद दाऊद म्हणून लिहू लागला. त्याने मुद्दा आणखी ताणला, की मूळ ग्रीक शब्दच वेगळा होता. पण तसा शब्द असलेली योहानाची एकही ग्रीक हस्तलिखित प्रत नाही. झालं, इथे पाद्री हरला. बायको काढायची गरज पडली का?

उलट कडवा बाटगा म्हणावं तर तुरमेदा साच्यात बसत नाही. मुसलमान झाल्यावर, १३९८ च्या सुमारास, त्याने कॅटलन भाषेत उपदेशाच्या कविता लिहिल्या आणि त्यात ख्रिस्ती वाचकाला त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, मानायला सांगितलं! त्या कविता कॅटलोनियातल्या शाळांत पुढे कित्येक शतकं मुलांकडून पाठ करून घेत. १४१७ च्या सुमारास त्याने माणूस आणि गाढवाचा वाद लिहिला, तो पुढे चर्चच्या बंदी यादीत गेला. हा माणूस दोन्हीकडे हसत होता की दोन्हीकडे घाबरत होता, त्याचं तुम्ही ठरवा.

काकांच्या बाजूने एक कबूल करतो, नाहीतर पाप लागेल. सुलतानाने धर्मांतरानंतर लगेच त्याचं लग्न लावून दिलं. मुलगा झाला, महंमद. आणि पडद्यामागचा तो सगळा प्रसंग आपल्याला फक्त त्याच्याच तोंडून कळतो. काकांना हे माहीत नव्हतं, मला माहीत होतं, आणि त्या दिवशी मी मुद्दाम सांगितलं नाही.

'तुहफत'च्या भाषांतराची माझी झेरॉक्स काका जाताना घेऊन गेले. तीन वर्षं झाली. चुलतभाऊ सांगतो, समासात पेन्सिलीने बरंच काही लिहिलंय.