घरी कणकेचा ब्रेड विटेसारखा घट्ट का होतो? बेकरीसारखा मऊ कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की पीठ चक्कीवरून दळून आणता, यीस्ट नवीन आहे, गोळा फुगतोही, पण भाजल्यावर ब्रेड घट्ट आणि आतून गिच्च निघतो. गोळा फुगतोय म्हणजे यीस्ट जिवंत आहे, ते बदलू नका. माझा संशय पाण्यावर आहे. आपल्या हाताला पोळीच्या कणकेची सवय असते. हाताला चिकटलं की लगेच वरून पीठ भुरभुरवतो, आणि ब्रेड तिथेच बिघडतो.

चक्कीच्या दगडांखाली गव्हातला बराच स्टार्च तुटतो. असा स्टार्च भरपूर पाणी ओढतो (पोळी मऊ राहते त्यात याचा मोठा हात आहे). शिवाय कोंडाही पाणी पितो, पण सावकाश. त्यामुळे भिजवताना सैल वाटलेला गोळा अर्ध्या तासाने घट्ट झालेला असतो, आणि घट्ट गोळ्यात ग्लुटेनचे (गव्हातल्या चिवट प्रथिनाचे) वायू धरून ठेवणारे पडदे ताणलेच जात नाहीत. त्यात कोंड्याच्या कडा ते पडदे फाडतात, वायू निसटतो.

म्हणून ३०० ग्रॅम कणकेला किमान २४० मिली पाणी घ्या. मैद्याला २०० मिलीच्या आसपास पुरतं. वाटीने मोजू नका, वजनकाटा घ्या, तो ओव्हनपेक्षा जास्त उपयोगी पडतो. याच मापातली २० ग्रॅम कणीक आणि १०० मिली पाणी आधी मंद आचेवर ढवळत खिरीइतकं दाट करा आणि पूर्ण गार होऊ द्या. शिजलेला स्टार्च धरलेलं पाणी सहज सोडत नाही, म्हणून ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. जपानी आणि चिनी बेकऱ्यांमध्ये ही युक्ती सर्रास चालते. उरलेली कणीक आणि पाणी त्यात कालवून अर्धा तास झाकून ठेवा. मग ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, चमचाभर गूळ आणि शेवटी दीड चमचा तेल घालून दहा-बारा मिनिटं तिंबा. चिकटेल. चिकटू द्या. हाताला तेल लावा, पीठ नको.

फुगवण्याची वेळ घड्याळावर ठरवू नका. मुंबईत मे महिन्यात पाऊण तासात गोळा दुप्पट होतो, पुण्यात डिसेंबरच्या रात्री दोन-अडीच तास सहज लागतात. शिवाय कणकेला मैद्याएवढं फुगवण्याच्या फंदात पडू नका. साच्यात घातल्यावर पाऊणपट वाढला की ओव्हनमध्ये सारा. जास्त फुगवलेला गोळाच भाजताना बसतो. २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवून वर ओलसर फडकं टाका आणि तासभर सुरी लावू नका. गरम ब्रेड कापला तर आतला स्टार्च अजून बसलेला नसतो आणि चांगला भाजलेलाही गिच्च वाटतो. घरात पोरं असतील तर हीच पायरी सर्वांत अवघड.

ओव्हन नसेल तर कुकरची रिंग आणि शिट्टी काढा, तळाला मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड ठेवून दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर चाळीस मिनिटं भाजा. वरची बाजू पांढरट राहते, ती तव्यावर उलटी टाकून शेकायची.

बेकरीइतका मऊ होईल का? शंभर टक्के कणकेचा, नाही. बेकरीच्या पावात मैदा असतो आणि बऱ्याच ठिकाणी इम्प्रूव्हरही (ब्रेड जास्त फुगावा, मऊ राहावा म्हणून घालायची पूड). दुकानातल्या आटा ब्रेडचं पाकीट उलटून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि काही पाकिटांवर मैद्याचंही नाव निघतं. घरी २०० ग्रॅम कणीक आणि १०० ग्रॅम मैदा हा मला पटलेला तोडगा आहे, पाणी फक्त थोडं कमी करा. मैदा नकोच असेल तर कणीक बारीक चाळणीने चाळा आणि निघालेला कोंडा फेकण्याऐवजी गोळ्यावर वरून लावा. गोव्यातल्या पोई या पावाला असाच बाहेरून कोंडा असतो.

पीठ लोकवन किंवा सिहोर गव्हाचं असेल तर एवढ्यावर काम भागेल. खपलीचं असेल तर मात्र वरचं काही लागू नाही. त्याचं ग्लुटेन फार कमकुवत असतं, तो गोळा उंच उभा राहणारच नाही. त्याची लापशी करा, खीर करा, ब्रेडच्या वाटेला जाऊ नका.