तो ०.८५ वाला सेल आधी खोडा, मग वेगमर्यादेचं बोलू

तुमची एक्सेल शीट उघडली आणि जुनं दुखणं परत वर आलं राव. ९ किलोमीटर उंची, ३५०० हॉर्सपॉवर, मस्टँगच्या (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान) जवळपासचा ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा, प्रॉपेलरची एफिशियन्सी (इंजिनच्या पॉवरचा किती भाग विमान ढकलायला कामी येतो) सरसकट ०.८५, आणि उत्तर ताशी १०७५ किमी. त्यावर तुमचा प्रश्न असा की मग पिस्टन इंजिनवाली प्रॉपेलर विमानं साडेआठशेच्या आसपासच का अडकली, आणि पॉवर वाढवतच नेली तर थिअरीत शेवट कुठे. ड्रॅग वेगाच्या वर्गाने आणि पॉवर घनाने वाढते, वर गेलं की ध्वनीचा वेग घटतो, हे सगळं तुम्ही शीटमध्ये नीट घेतलंय म्हणून त्यात शिरत नाही. घोळ त्या एका सेलमध्ये आहे जिथे ०.८५ टाइप केलंय. म्हणजे खरं तर दोन सेल, विमानाचा ड्रॅग कोएफिशंटही (त्याचा आकार हवेला किती अडवतो तो आकडा) तुम्ही सगळ्या वेगांना तोच ठेवलाय, पण आधी पहिला.

मस्टँगचेच आकडे घ्या. मर्लिन इंजिन ३००० आरपीएम, फिरण्याचा वेग कमी करणारा रिडक्शन गिअर ०.४७९, म्हणजे प्रॉपेलर साधारण १४३७ आरपीएमने फिरतो. व्यास ३.४ मीटर. टोकाचा नुसता फिरण्याचा वेग झाला सेकंदाला २५६ मीटर. विमान पुढे जातंय तो वेग याला काटकोनात, तेव्हा पायथागोरस लावा. ताशी ७०० किमीला ब्लेडचं टोक सेकंदाला ३२१ मीटरने हवा कापतं, आणि साडेसात किलोमीटर उंचीवर ध्वनीचा वेग आहे ३१०. म्हणजे टोक तिथेच मॅक १ (ध्वनीच्या वेगाची एक पट) ओलांडून बसलंय. तुमच्या १०७५ ला हेच करून बघा, टोक १.३ च्या घरात जातं आणि विमान स्वतः ०.९८ ला असतं, त्यामुळे हबजवळचा, म्हणजे मध्याजवळचा, ब्लेडचा जाडजूड भागसुद्धा जवळपास ध्वनीच्या वेगाने हवेत घुसतोय. त्या ब्लेडकडून ०.८५ कसं मिळणार?

आता माझी रड ऐका, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ याच आकड्यापायी गेले. आम्ही काही जण मिळून एका रेसिंग विमानाचं डिझाइन करत होतो. प्रॉपेलरचे टेस्ट चार्ट फी घेऊन देणारी एक संस्था, नाव घेत नाही, तिच्याकडून चार ब्लेडचा चार्ट मागवला. झेरॉक्स आली. आडव्या अक्षावर अ‍ॅडव्हान्स रेशो (एका फेऱ्यात विमान किती पुढे जातं भागिले प्रॉपेलरचा व्यास), उभ्यावर पॉवर कोएफिशंट (प्रॉपेलर किती पॉवर खातो त्याचा आकडा), मधे एफिशियन्सीच्या कंटूर रेषा, शिखर ०.८७, आणि कोपऱ्यात प्रमाणित असल्याचा हा मोठा शिक्का. टोकाच्या मॅक नंबरचा कुठे उल्लेख नाही. मी पत्र टाकलं की हे मोजताना टोकाचा वेग किती होता तेवढं कळवा. उत्तर आलं, चार्ट डायमेन्शनलेस (एककं नसलेल्या आकड्यांचा) आहे, कुठल्याही वेगाला लागू. अहो, अ‍ॅडव्हान्स रेशो तोच ठेवून एक प्रॉपेलर मॅक ०.५ ला फिरवता येतो आणि दुसरा १.१ ला, हवेला तुमच्या डायमेन्शनलेसचं काय पडलंय! फोन केला तर ज्यांनी टेस्ट केली ते रिटायर झालेत, फाइल दुसऱ्या सेक्शनला आहे, आणि त्या सेक्शनचं म्हणणं हे आमच्याकडे येतच नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर म्हणून तेच पान परत आलं, यावेळी दोन शिक्के.

तोवर त्या चार्टवरून गिअरचं प्रमाण ठरलं होतं, गिअर कापूनही झाले होते. पुढे कधीतरी दुसऱ्याच एकाच्या कपाटात मूळ रिपोर्ट सापडला. पानाच्या तळाला बारीक अक्षरात टीप, की सगळ्या टेस्ट टोकाच्या कमी वेगाला घेतल्यात आणि कॉम्प्रेसिबिलिटीची (ध्वनीच्या वेगाजवळ हवा दाबली जाते त्या परिणामाची) दुरुस्ती वेगळी करावी. आमच्या झेरॉक्सवर त्याच जागी काळ्या ठिपक्यांची एक ओळ होती, आम्हाला वाटलेलं मशीनच्या काचेवरची धूळ असेल. ती त्या टिपेच्या अक्षरांची वरची टोकं होती, बाकीची ओळ झेरॉक्स काढताना कापली गेली. गिअर अजून पडून आहेत, कुणाला हवेत का? असो, चिडचिड पुरे.

तर सांगायचं हे की एफिशियन्सीचा कुठलाही ग्राफ हातात आला की पहिला प्रश्न एकच विचारा, टोकाच्या कुठल्या मॅकला मोजलंय. उत्तर मिळत नसेल तर तो ग्राफ ड्रोनला वापरा, रेकॉर्डच्या विमानाला वापरू नका. माझा ढोबळ ठोकताळा असा की साध्या जाडीच्या ब्लेडला टोक ०.८५ ते ०.९ पर्यंत काही बिघडत नाही, तिथून एफिशियन्सी घसरायला लागते. पातळ ब्लेड घेतली तर घसरण पुढे ढकलता येते. (प्रोफेसर लोक इथे असतील तर त्यांनी दुरुस्ती करावी, मी ठोकताळा म्हणालोय.)

समजा तरीही कुणी जादूचा प्रॉपेलर आणून दिला. मग दुसरा फास आहे आणि माझ्या मते तोच खरा. पिस्टन इंजिन पॉवर देतं, थ्रस्ट (पुढे ढकलणारं बल) म्हणजे पॉवर गुणिले एफिशियन्सी भागिले वेग. ३००० हॉर्सपॉवर, ०.८ एफिशियन्सी, ताशी ८५० किमी, हिशोब करा, साधारण ७.६ किलोन्यूटन येतात. हेच १०७५ ला ६ वर. म्हणजे जिथे जास्त थ्रस्ट लागतो तिथेच कमी मिळतो. मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानाला जे युमो ००४ जेट होतं ते एकटं जागेवर उभ्याने ८.८ किलोन्यूटन द्यायचं, वजन साधारण ७२० किलो, आणि वेग वाढला म्हणून त्याचा थ्रस्ट असा कोसळत नाही. एवढ्या पॉवरचं राइट आर-३३५० पिस्टन इंजिन एकटंच १२०० किलोच्या आसपास भरतं, वर प्रॉपेलर आणि कूलिंग वेगळं.

म्हणून रेकॉर्डची यादी बघा किती रडतखडत सरकते. १९३४ ला माकी एमसी ७२ या सीप्लेनवर अजेलोने ताशी ७०९ किमी गाठले, तेही २४ सिलिंडरचं इंजिन, दोन उलटे फिरणारे प्रॉपेलर आणि पंखांच्या पृष्ठभागावरच रेडिएटर लावून. १९३९ ला मेसरश्मिट २०९ वर वेंडेल ७५५. मग तब्बल ३० वर्षांनी, १९६९ ला ग्रीनमायरचं बेअरकॅट (जुनं अमेरिकन लढाऊ विमान) ७७६. १९७९ ला ग्रिफन इंजिन टाकलेलं मस्टँग ८०३, १९८९ ला शेल्टनचं रेअर बेअर नावाचं विमान ८५०, आणि २०१७ ला व्हूडू नावाचं मस्टँग ८५५, तेही त्याच्या वजनगटातलं रेकॉर्ड. ८३ वर्षांत १४६ किमी! आणि या लोकांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? पंख छाटले, पाणी आणि मिथेनॉल फवारलं, ओरिजिनल मर्लिनला युद्धात ६७ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी, तिथे रेसवाले शंभरच्या पार गेले.

तुम्ही विचारलंय की आरपीएम कमी करून मोठा प्रॉपेलर लावला तर. लावा, रशियाच्या टीयू-९५ बॉम्बरने तेच केलंय. ५.६ मीटर व्यास, ७५० च्या आसपास आरपीएम, एकामागे एक उलटे फिरणारे दोन. पण ते टर्बाइन आहे, पिस्टन नाही, प्रत्येकी सुमारे १५ हजार हॉर्सपॉवरची चार इंजिनं, आणि तरी ९०० च्या थोडंच वर. तिथेही उंचीवर टोक मॅक १.१ ला जातंच. टोक मुद्दाम सुपरसॉनिक ठेवून अमेरिकेने १९५५ ला एक्सएफ-८४एच हे प्रायोगिक विमान उडवलं, तेही टर्बाइनच, त्याच्या आवाजाने जमिनीवरच्या लोकांना उलट्या व्हायच्या आणि ठरवलेला वेग काही मिळाला नाही.

बारीकसारीक टिपा: एक्झॉस्टचे पाइप मागे वळवून जो थ्रस्ट मिळतो तो शीटमध्ये वेगळा धरा, या वेगाला तो फुकटचा आणि बऱ्यापैकी असतो. रेडिएटरचा ड्रॅग मस्टँगसारखा डक्ट (हवा नेणारा बंदिस्त मार्ग) असेल तरच कमी धरा. आणि रेकॉर्ड करणारे गरम हवेत, उंचावरच्या मैदानावर का जातात कळलं ना, हवा विरळ आणि ध्वनीचा वेग जास्त, दोन्ही फायदे एकदम. रेअर बेअरचं रेकॉर्ड न्यू मेक्सिकोतलं आहे.

दुसऱ्या सेलचं राहिलं. मस्टँगसारख्या पंखाचा ड्रॅग मॅक ०.७५ नंतर झपकन चढतो, ०.९८ ला तुमचा कॉन्स्टंट आकडा कैक पटींनी कमी पडेल. दोन्ही सेल सुधारलेत की माझ्या अंदाजाने सरळ पातळीत उडताना पिस्टनची हद्द मॅक ०.८ च्या अलीकडेपलीकडे येईल, समुद्रसपाटीला ताशी ९५० ते ९८०. हे माझं वैयक्तिक मत, कुणी सिद्ध केलेला नियम नाही, आणि त्यासाठी लागणारं इंजिन कुणी बनवेल असंही मला वाटत नाही.

डाइव्हचं (नाक खाली करून सूर मारण्याचं) शेवटी विचारलंय तुम्ही. तिथे मदतीला गुरुत्वाकर्षण असतं, त्यामुळे तो आकडा या हिशोबात धरूच नका. १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश वैमानिक मार्टिनडेल स्पिटफायर हे पिस्टन इंजिनचं विमान घेऊन मॅक ०.८९ च्या पुढे गेला, तेव्हा रिडक्शन गिअरसकट प्रॉपेलर तुटून निघून गेला आणि त्याने विमान ग्लाइड करत परत आणून उतरवलं.