नातवाला कोंडणारी आजी पडद्यावर दाखवावी का?

प्रश्न : सर, ताराराणींवर सिनेमा म्हटला की घोडा, तलवार आणि औरंगजेब ठरलेला. पण उतारवयात त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यावर सख्ख्या नातवाला कैदेत टाकलं, असं आमचे मामंजी सांगतात. हे खरं का? आणि पडद्यावर असं दाखवलं तर त्यांचं नाव खराब नाही का होणार?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ताई, मामंजी बरोबर सांगतात. आणि मला ताराबाईंवरचा नेमका तोच सिनेमा बघायचाय.

साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांना वारस नव्हता. त्यांच्या अखेरच्या काळात ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू रामराजे जिवंत आहे, दगाफटका होऊ नये म्हणून त्याला लपवून वाढवलाय. लोकांचा विश्वास बसेना. साताऱ्यात ब्रिटिशांचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासात आहे, की ताराबाईंनी भाऊबंदांसमक्ष रामराजांबरोबर जेवायचं आणि त्याच अन्नाची शपथ घेऊन नातं सांगायचं, असं ठरलं. दिग्दर्शकानं इथं अजिबात घाई करू नये. पंगत बसलीय, कुणी घास उचलत नाही, सगळ्यांचे डोळे पंचाहत्तरीच्या आजीच्या हाताकडे. पोटचा मुलगा तिनं कैदेत गमावलाय. आता हा नातू.

डिसेंबर 1749 मध्ये शाहू महाराज गेले, रामराजे गादीवर बसले आणि वर्षाच्या आत बिनसलं. नानासाहेब पेशव्यांना दूर करा, हा आजीचा हट्ट. नातू ऐकेना. 24 नोव्हेंबर 1750, चंपाषष्ठी. घरोघरी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. त्या सणाला रामराजे किल्ल्यावर आजीकडे गेले आणि तिथंच अडकले. मग गुजरातेतले मराठा सरदार दामाजी गायकवाड आजीच्या मदतीला धावले, त्यांचाही पाडाव झाला. शेवटी 1752 मध्ये जेजुरीला खंडोबापुढं ताराबाईंनी शपथ घेतली : हा माझा नातू नव्हेच.

मला विचाराल तर नातू खराच होता. त्यानं आज्ञा मोडली तेव्हाच तो परका ठरला, हे विसरून कसं चालेल? पण सिनेमानं निकाल देऊ नये. दोन्ही शपथा तेवढ्याच ठामपणे दाखवाव्यात.

नावाची काळजी नको. सात वर्षं औरंगजेबाच्या फौजांना दाद न देणारी ही तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक. छत्रपतींची सत्ता पेशव्यांच्या हाती चाललेली तिला बघवत नव्हती. हे कळलं की प्रेक्षक तिच्यावर रागावेल, पण तिला टाकणार नाही.

माझी एकच विनंती लेखकाला : रामराजांना मुकं ठेवू नका. पानिपत झालं, नानासाहेब गेले, डिसेंबर 1761 मध्ये ताराबाईही गेल्या, तरी ते 1777 पर्यंत नावापुरतेच छत्रपती राहिले. आजीनं नाकारलेल्या त्या माणसालाही चार वाक्यं बोलू द्या.