दुसरा बेस घ्या, पण आधी आईचे पैसे परत आणा

कोल्हापूरच्या कळंब्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, हातात महिन्याला ४२ हजार. घरी ६४ वर्षांची आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतात. गणपती, नवरात्र आणि लग्नसराई धरून वर्षाला साठेक हजार मिळतात. सध्या त्यांच्याकडे चार तारांचा, जॅझ प्रकारचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणारा बेस आहे आणि त्याच्या जोडीला दुसरा हवा आहे. ७२ हजारांचा, बॅटरीवर चालणारा पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह बेस, की ३२ हजारांचा प्रिसिजन प्रकारचा? (जॅझ आणि प्रिसिजन हे बेस गिटारचे दोन जुने प्रकार.) ओढा पहिल्याकडे आहे. पैसे बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर.

पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे: ‘हप्त्याची चिंता नाही. आईची पाच लाखांची एफडी नुकतीच संपली. बँकेतल्या मॅडमच्या सल्ल्याने ती गॅरंटीड इन्कम प्लॅनमध्ये टाकली आहे. एफडीसारखंच आहे, फक्त टॅक्स नाही. त्यातून वर्षाला दोन लाख सुरू होतील. बाँड अकरा दिवसांपूर्वी घरी आला.’ सोबत बाँडच्या, म्हणजे पॉलिसीच्या कागदाच्या, पानांचे फोटो आहेत.

नमस्कार. बेसचं पुढे सांगतो. हे उत्तर तुम्हाला ईमेलने आधीच पाठवलं आहे, कारण तुमच्या हातात दिवस मोजके आहेत.

तुम्ही घेतलीत ती एफडी नाही. ती तुमच्या नावावरची आयुर्विमा पॉलिसी आहे. हप्ता वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात दोन लाखांचं उत्पन्न आहे खरं, पण ते सुरू होतं तेराव्या वर्षी आणि चालतं दहा वर्षं. तुमच्या बेसचे हप्ते बारा महिन्यांत संपतात. तोवर या पॉलिसीतून एक रुपयाही येणार नाही, उलट दुसरा हप्ता दारात उभा असेल.

आईच्या पाच लाखांतून पहिले १ लाख २० हजार गेले. उरलेल्या ३ लाख ८० हजारांची एफडी करून त्यातून पुढचे हप्ते आपोआप कापायची सोय बँकेने करून दिली आहे. म्हणजे आणखी तीन हप्ते. मग? राहिलेले सहा हप्ते तुमच्या पगारातून, महिन्याला दहा हजार. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, हे पत्रावरून स्पष्ट दिसतं. ४२ हजारांच्या घरात, जिथे तिघं तुमच्यावर अवलंबून आहेत, तिथे असा प्लॅन विकायला नको होता. मला याची चीड येते, कारण नवरा गेल्यावर बाईच्या हाती राहिलेली एफडी कुणाच्या तरी विश्वासावर केलेल्या सहीने अशीच वळवली जाते.

आता परतावा. इथे प्रत्येक हप्ता बरोबर बारा वर्षांनी परत येतो. आज भरलेले १ लाख २० हजार तेराव्या वर्षी दोन लाख होऊन येतात, दुसऱ्या वर्षीचे चौदाव्या वर्षी, असं दहाही हप्त्यांचं. बारा वर्षांत दुप्पट म्हणजे सहा टक्के. इथे दुप्पटही नाही, हा सव्वाचार टक्क्यांच्या आसपासचा व्यवहार आहे. पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. त्या दराने तेच १ लाख २० हजार बारा वर्षांत पावणेतीन लाखांच्या जवळ जातात, आणि तिथेही टॅक्स नाही.

विमा म्हणाल तर पॉलिसीचं संरक्षण १२ लाख. तुमचा वर्षाचा पगार पाच लाख. तुमचं काही बरंवाईट झालं तर घर जेमतेम अडीच वर्षं चालेल. मुलगी तेव्हा शाळेच्या पहिल्या वर्गात असेल.

म्हणून हे लगेच करा. बाँड हातात पडल्यापासून ३० दिवसांत तो परत करता येतो. याला फ्री लूक म्हणतात. त्या काळात परत केलात तर कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा भाग, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी सगळं परत देते. पत्र लिहिलंत तेव्हा अकरा दिवस गेले होते, म्हणजे एकोणीस उरले होते. हीच पॉलिसी वर्ष-दोन वर्षं भरून मग सोडलीत तर भरलेल्यातला मोठा भाग बुडतो.

अर्ज विमा कंपनीच्या नावे, लेखी द्या. कारण म्हणून ‘अटी मान्य नाहीत, एफडी म्हणून सांगण्यात आलं होतं’ असं साध्या शब्दांत लिहा. बाँड परत देताना तारखेची पोच घ्या आणि ईमेलही करा. बाँड कुरिअरने आला असेल तर त्याची पावती जपून ठेवा, मुदत तिच्यावरून मोजली जाते. बँकेतली हप्ता कापण्याची सूचनाही त्याच दिवशी रद्द करा. मॅडम म्हणतील, ‘एक वर्ष तरी चालू द्या,’ ‘मी वरती बोलते, आठ दिवस थांबा.’ थांबू नका. तुमचे दिवस संपेपर्यंत थांबवणं हाच त्या विनंतीचा परिणाम असतो. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार विभागाकडे, मग विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर आणि शेवटी पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जाता येतं.

पैसे आले की ते आईचे. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते. पाच लाखांवर वर्षाला ४१ हजार, म्हणजे दर तिमाहीला दहा हजारांच्या थोडे वर, थेट आईच्या खात्यात. औषधांसाठी तिला तुमच्याकडे मागावं लागणार नाही. नॉमिनी मात्र आजच लावा. तुमच्यासाठी एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या. तुमच्या वयाला वर्षाला १२ ते १५ हजार लागतील. फाउंड्रीतलं काम आणि तंबाखू खात असाल तर तेही अर्जात खरं लिहा.

आता बेस. तुमचा प्रश्न मी हलका मानत नाही. वाद्य तुमच्या कमाईचं आहे.

तुम्ही लिहिता की ढोलकी आणि कीबोर्डमध्ये तुमचा आवाज बुडतो. जॅझचे दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे भाग, पूर्ण उघडे ठेवले की मधला आवाज खाली बसतो, म्हणून तसं होतं. त्यावर उपाय म्हणून तुम्ही एक पिकअप बंद करता, आणि मंडपातल्या दिव्यांनी, कच्च्या अर्थिंगने घूंघूं सुरू होते. तो एकट्या सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा, स्वभावच आहे. प्रिसिजन १९५१ मध्ये आला, १९५७ पासून त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. हे दोन तुकडे मिळून ती घूंघूं मारतात आणि आवाज नेमका त्या मधल्या जागेत जातो, जिथे तुमचा बुडतो आहे. जॅझ १९६० चा, नेकची रुंदी नटपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या वरच्या टोकाला, ३८ मिलिमीटरच्या आसपास. प्रिसिजनची साधारण ४१ च्या पुढे. पहिले काही दिवस हाताला जड जाईल. पण जोड म्हणतात ती हीच, जे पहिल्याकडे नाही ते दुसऱ्याकडे असणं. त्याला फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या तारा चढवा, जुन्या हिंदी गाण्यांना तो गोल, दबका आवाज फार छान बसतो. आणि ऐन कार्यक्रमात एकाची जॅक सुटली तर दुसरा खांद्याला आहेच.

पाच तारांचा बेस कधी घ्यावा? गायकाच्या पट्टीवरून ठरवा. चार तारांवर सर्वांत खालचा स्वर पेटीवरची पांढरी तीन. पट्टी पांढरी दोन किंवा काळी दोन झाली की मूळ स्वर वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. त्यासाठी प्रिसिजनची खालची तार एक स्वर उतरवून ठेवलीत तरी भागतं. मुख्य गायक कायम काळी एकमध्येच गात असेल तर पाचव्या तारेला खरा अर्थ आहे. पण ती खालची तार ३१ हर्ट्झची. तुमच्या छोट्या अ‍ॅम्पमधून ती ऐकू येण्याऐवजी नुसती थरथरेल, म्हणजे पुढचा खर्च अ‍ॅम्पचा. शिवाय अ‍ॅक्टिव्हला नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि ती बहुतेक वेळा कार्यक्रमातच उतरते.

‘पाच तारा असल्या की जास्त कार्यक्रम मिळतील’ हे तुमचं वाक्य मला पटलं नाही. आयोजक बिदागी देतात ती ऑर्केस्ट्राच्या नावाला आणि गायकाला. तारा कुणी मोजत नाही. ही कमाई वाढत जाईल असंही धरू नका. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा कोल्हापूरचा हक्काचा रंगमंच गेला. अशा वर्षी साठचे तीस होतात.

साठ हजारांतून तारा, पेट्रोल, दुरुस्ती असे पंधरा जातात असं धरू. उरले ४५. प्रिसिजन एका हंगामात रोख बसतो आणि वर १३ हजार शिल्लक राहतात. ७२ हजारांसाठी दीडेक वर्ष लागेल. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज किमतीत मुरवलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर जीएसटी. दुकानात रोख भाव विचारा, फरक लगेच कळेल. कार्यक्रमाच्या पैशांचं खातं वेगळं करा आणि बेस त्यातूनच घ्या, पगारातून नको.

टर्म विमा सुरू झाला आणि दीड लाख अडीअडचणीला बाजूला पडले, की प्रिसिजन घेऊन टाका. या गणपतीत ते जमणार नाही, लग्नसराईला जमेल. खरेदीला जाताना आपला अ‍ॅम्प सोबत न्या आणि त्याच्यावरच वाजवून बघा. कोल्हापुरी पावसाळ्यात नेक हलते, तेव्हा किमतीत एक सेटअप, म्हणजे नेक आणि तारा जुळवून घेण्याचं काम, धरूनच भाव ठरवा.