हवा वजा जाता माल किती?

लातूर, मोंढ्याजवळून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री अकराला पाठवलेला तुझा फोटो पाहिला. काट्यावर ९१.१, त्यावर तुझे दोन अंगठे, आणि काट्याखाली निळ्या पट्ट्यांची सतरंजी. सोबत तू लिहिलंस, "काका, एकवीस दिवसांत फक्त नऊशे ग्रॅम. आपल्याच्यानं हे होत नाही." फोनवर उत्तर दिलं असतं तर "होईल रे, धीर धर" म्हणून मोकळा झालो असतो, आणि तूही "हो काका" म्हणून वडापाव खायला गेला असतास. म्हणून कागद घेतला. पस्तीस वर्षं आडतीवर मुनीमकी केली, वजनावरच घर चाललं. धीराचं नंतर बघू, आधी तुझी तोलपावती तपासू.

पहिलं म्हणजे ती सतरंजी काढ. असल्या काट्याचं वजन त्याच्या चार पायांत मोजलं जातं. खाली मऊ काही असलं की पाय रुततात आणि आकडा कुठलाही येतो. मोंढ्यात काटा जागचा हलला की मापाडी आधी खालची फरशी बघायचा, मगच पहिलं पोतं चढायचं. दुसरं, एकवीस दिवसांपूर्वीचे ९२ तू सकाळी उठल्यावर मोजले होतेस, हे तूच तेव्हा सांगितलंस. परवाचे मात्र मेसचं जेवण करून, वर तांब्याभर पाणी पिऊन. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, ते पोटात असो की घागरीत. त्याच माणसाचं सकाळचं आणि रात्रीचं वजन किलो-दीड किलोनं सहज वेगळं येतं. म्हणजे सकाळचं पोतं रात्रीच्या पोत्याशी लावून तू रडत बसलायस.

आता सोयाबीनचं सांगतो. शेतकऱ्याचं पोर आहेस, लवकर कळेल.

परतीचा पाऊस लांबला की दसऱ्याच्या सुमारास मोंढ्यात ओला माल येतो. मशीन यायच्या आधी आमचे शेठ पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. वाळलेलं सोयाबीन हाताला कोरडं लागतं, खुळखुळ वाजतं. ओलं असलं की आत गार लागतं, आवाज बसका येतो. मग दोन दाणे दाताखाली. कटकन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. आता मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतात आणि ती सांगते, हवा अठरा. ओलाव्याला आपण हवा म्हणतो, हे पुण्याच्या माणसाला सांगितलं तर तो आकाशाकडे बघेल. असो. १८ हवेचा एक क्विंटल माल घरी नेऊन, ताडपत्रीवर पसरून १२ वर आणला तर काट्यावर भरतो ९३ किलो आणि वर थोडं. पावणेसात किलो गेले. दाणा एकही गेला नाही. दरवर्षी एखादा तरी शेतकरी ह्यावरून मापाड्याशी भांडायचा, आणि मी वहीत मांडून दाखवायचो की दादा, घटली ती हवा, माल तेवढाच आहे.

तुझ्या अंगाचंही तसंच. आपण खातो त्या भाकरी-भातातली थोडी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, सगळी मिळून साधारण अर्धा किलो. तिच्या प्रत्येक ग्रॅममागे तिनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की पहिल्या आठवड्यात हा साठा उपसला जातो, त्याचं पाणी लघवीवाटे जातं, आणि दीड-दोन किलो उतरतात. चरबी अजून जागची हललेलीसुद्धा नसते. तुझा रूम पार्टनर दोन वेळच्या जेवणावर आहे आणि पंधरा दिवसांत चार किलो उतरला म्हणतोस. डॉ. जिचकारांचा तो विचार डॉ. दीक्षितांनी घरोघर नेला; पंचावन्न मिनिटांत जेवण उरका हे आपल्या लातुरात शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. त्यानं फायदा झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, माझं भांडण नाही. पण त्या चारमध्ये हवा किती आणि माल किती, हे पंधरा दिवसांत त्यालाही कळणार नाही. एका लग्नात दोन पंगतींना बसू दे, त्यातले दीड किलो तिसऱ्या दिवशी परत आलेले दिसतील.

तुझं नेमकं उलट झालंय. तू खाणं बेतानं कमी केलंस आणि त्याच दिवशी पहाटे क्रीडा संकुलावर पळायला लागलास. सवय नसलेले पाय पळायला लागले की दुखतात, सुजतात, आणि दुरुस्तीसाठी स्नायू पाणी धरून ठेवतात. त्यात मेसचा ठेचा, लोणचं, पापड. मीठ वाढलं की पाणी अंगात थांबतं. आतून चरबी चाललीय आणि वरून पाणी भरतंय, काटा बिचारा दोन्हींची बेरीज दाखवतो. हे पाणी कायम राहत नाही. एखाद्या आठवड्यात अचानक किलोभर उतरलेलं दिसेल, आणि त्या आठवड्यात तू वेगळं काहीच केलेलं नसशील.

तरी तुझे नऊशे ग्रॅम खरे धरून चालू, बघू हिशोब काय म्हणतो. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. नऊशे ग्रॅमच्या झाल्या सातेक हजार. एकवीस दिवसांनी भाग, रोजच्या ३३० येतात. मेसच्या जाडजूड ज्वारीच्या भाकरीत शंभरेक ग्रॅम पीठ असतं, तिच्याही साधारण तेवढ्याच. म्हणजे काटा सांगतोय की तू रोज एक भाकर कमी खाल्लीस. तू मात्र सांगतोस की दोन सोडल्या. दुसरी गेली कुठे?

काही त्या पाण्याखाली झाकली असेल. उरलेलीसाठी तुझी कीर्द बघावी लागेल. तू वही पाठवलीस हे चांगलं केलंस. सकाळी नाश्त्याला सुशीला, दुपारी दोन भाकरी, वरण, माळवं, रात्री तसंच. अक्षर सुंदर आहे. पण अभ्यासिकेखालच्या टपरीचा चहा वहीत कुठेच नाही, आणि दिवसातून चारदा खाली उतरतोस हे मला टपरीवाल्यानंच सांगितलं. दोन चमचे साखरेचा एक कप, नुसत्या साखरेच्या चाळीस कॅलरी. चार कपांच्या एकशे साठ, दूध वेगळं. टेबलाच्या खणात आईनं दिलेले भाजके शेंगदाणे आहेत, वाचता वाचता हात जातो. एक मूठ, तीस ग्रॅम, एकशे सत्तर. बेरीज तूच कर. सापडली दुसरी भाकर.

तुला खोटारडा म्हणत नाहीये. वहीत न चढणारा खर्च प्रत्येक दुकानात असतो. आमच्या शेठचा पानाचा खर्च वर्षानुवर्षं किरकोळमध्ये जायचा, आणि दिवाळीला ताळा बसायचा नाही. शेंगदाणे सोडूही नकोस, मोजून वाटीत काढ. साखर निम्मी कर. मेसवाल्या मावशीला म्हण, तर्री बाजूला राहू द्या, वरण दुप्पट वाढा. तूरडाळीच्या गावात राहून पातळ पाणी खाणं हा अपराध आहे. डाळ, मटकी, चालत असेल तर उकडलेली अंडी, ह्यांनी पोट टिकून राहतं आणि अंगातलं मांस झडत नाही.

एवढंच कर. आणखी काही तोडू नकोस. मला ठाऊक आहे, हे पत्र हातात पडायच्या आधीच तू रात्रीचं जेवण बंद करायचं ठरवलं असशील. मी तेच केलं होतं.

एक्कावन्नाव्या वर्षी माझी साखर काठावर आली, वजन ८६. ओळखीच्या एकानं पावडरचे दोन डबे गळ्यात मारले, पंधरा दिवसांत सात किलोची हमी. साडेपाच उतरले. मोंढाभर सांगत फिरलो, चौघांना डबेही विकत घ्यायला लावले, त्याची आजही लाज वाटते. सोळाव्या दिवशी तुझ्या काकूनं येसराची आमटी केली आणि मी पातेल्यापाशी उभा राहून जेवलो. ताट घ्यायचाही धीर नव्हता. दसऱ्याला उतरलेलं वजन दिवाळी संपेपर्यंत परत आलं, वर एक किलो व्याज. मग काही महिने उपास धरले, तिथेही साबुदाण्याची खिचडी आणि वर शेंगदाण्याचा लाडू. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते माझ्यासारख्यांना बघूनच.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा डॉक्टरांनी आठवड्याला अर्धा किलो ही वरची हद्द ठेवली. फार झपाट्यानं उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात, मांसही झडतं, हे त्यांनीच सांगितलं. पहिल्या महिन्यात एक किलो गेलं. दुसऱ्या महिन्यात काहीच नाही, तेव्हा मी काट्याला लाथ घातली. अंगठा सुजला. दीड वर्षात नऊ किलो उतरले. त्यातले दोन परत आले, सात अजून गेलेलेच आहेत, बारा वर्षं झाली. आणि तुझ्या हिशोबी डोक्याला आधीच सांगून ठेवतो, आठवड्याचे तीनशे ग्रॅम म्हणजे वर्षाचे पंधरा किलो, असा सरळ गुणाकार चालत नाही. अंग हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही घटतो, पुढचे किलो आणखी सावकाश जातात. तेव्हा परत रात्री अकराला फोटो पाठवू नकोस.

तुझे वडील गोळ्या घेतात, म्हणून तुझं खरं भय साखरेचं आहे, हे तू बोलला नाहीस तरी मला कळतं. मग हे ऐक. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर तीन वर्षं एक अभ्यास केला, २००६ मध्ये तो छापून आला. सगळे साखर काठावर असलेले. नुसता सल्ला घेऊन घरी गेलेल्यांपैकी शंभरात ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. खाणं आणि चालणं सुधारलेल्यांत ३९ जणांना. आणि ह्या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं! मला हे माझ्या डॉक्टरांनी दुसऱ्या महिन्यात सांगितलं, त्या लाथेनंतर. त्या रात्री मी काटा परत फरशीवर ठेवला.

आपल्या पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघेही मधुमेहाचे संशोधक, त्यांनी तर स्वतःवरूनच काट्याचं हसं केलंय. उंचीच्या मानानं वजनाचा दोघांचा आकडा हुबेहूब एकच, २२.३. चरबी मोजली तर इंग्लंडवाल्याची ९.१ टक्के, आपल्या पुणेकराची २१.२. एकाच मापाचं पोतं, आत माल वेगळा. आपल्या लोकांची चरबी पोटात बसते, म्हणून काट्यासोबत टेपही ठेव. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. टेप नसेल तर करदोडा आहेच. माझा तेव्हा कातडीत रुतून काळा वळ उठवायचा, अंघोळीला साबण त्याखाली जायचा नाही. वजन हटून बसलेल्या त्या दुसऱ्या महिन्यात एक दिवस साबण लावताना बोट सहज आत गेलं. मी तसाच ओल्यानं बाहेर आलो आणि काकूला दाखवलं. ती म्हणाली, आधी टॉवेल गुंडाळा.

तर आता असं. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, उघड्या फरशीवर वजन कर आणि लिही. रोजच्या आकड्याकडे बघून तोंड पाडायचं नाही. सात दिवसांची सरासरी काढ आणि ती मागच्या सरासरीशी लाव. चार आठवडे. चहा-शेंगदाणे वहीत चढवूनही चार आठवड्यांत सरासरी आणि करदोडा दोन्ही जागचे हलले नाहीत, तर धीर धरत बसू नकोस. आपण डॉक्टरांकडे जाऊ, थायरॉइड तपासून घेऊ, काही गोळ्या चालू असतील तर त्यांचंही विचारू. पळताना चक्कर आली तर चार दिवसही थांबायचं नाही.

येत्या रविवारी ये, येताना तुझा काटा आण. जुन्या दुकानात शिक्क्याचं वीस किलोचं वजन आहे, त्यावर तपासून घेऊ. काकू धपाटे करणार आहे. दोन खा, दह्यासोबत, आणि वहीत लिही.

सतरंजी आणू नकोस.

तुझा,
काका